थोपटणारा हात मधेच थांबला तर

ताई,

आमची मुलगी तीन वर्षं चार महिन्यांची आहे. दोन महिन्यांपूर्वी तिला लहान मुलांच्या संगीतवर्गात घातलं. आठवड्यातून दोनदा, पाऊण पाऊण तास. बाकीची मुलं गोल करून बसतात, बाई ठेका धरतात, मुलं टाळ्या वाजवतात. आमची मात्र उठून गोलाबाहेर गिरक्या घेते, नाहीतर सरळ जमिनीवर लोळते. टाळी वाजवलीच तर सगळ्यांच्या आधी. परवा बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हिला तालाची समज नाही, घरी बसवून सराव करून घ्या." घरी बसवलं तर दोन मिनिटांत रडारड. बायको म्हणते, नाव काढून टाकू. मला भीती वाटते की पोर मागे पडेल. हिच्या जन्माआधीपासून आम्ही घरात मोझार्ट लावत आलो, कारण त्यानं बुद्धी वाढते असं कुणीतरी सांगितलं होतं. मग असं का व्हावं? मला स्वतःला गाता येत नाही. शाळेत समूहगीताच्या वेळी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. दोष माझ्याकडूनच आला असेल का? आणि घरी कोणतं संगीत, किती वेळ लावावं?

— एक बाबा

ता. क. एक गंमत सांगायची राहिली. रात्री तिला थोपटता थोपटता मलाच डुलकी लागते आणि हात तिच्या पाठीवर तसाच पडून राहतो. ती डोळेही न उघडता माझा हात उचलते आणि पाठीवर आपटते. म्हणजे, चालू ठेव!

---

बाबा,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ताज्या कलमात ढकलून दिलीत. मी तिथूनच सुरुवात करते.

हात पाठीवर होताच. ऊब होती, वजन होतं, बाबा शेजारी होता. थांबली ती फक्त थाप. आणि अर्धवट झोपेतल्या मुलीला ते कळलं. कळलं, कारण ती पुढच्या थापेची वाट पाहत होती. ताल म्हणजे तरी दुसरं काय असतं? पुढचा ठोका कुठे पडणार हे आधी जाणवणं, आणि तो नाही पडला की चुकल्या-चुकल्यासारखं होणं. तुमच्या मुलीला तालाची समज आहे. ती टाळीत अजून उतरलेली नाही, एवढंच.

ही समज माणसाचं पोर जवळजवळ सोबत घेऊनच येतं. इश्तवान विंक्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दोन-तीन दिवसांच्या बाळांना झोपेत एक ठेका ऐकवला आणि त्यांच्या मेंदूतल्या हालचाली टिपल्या. ठेक्यातला एखादा किरकोळ ठोका गाळला तर बाळाच्या मेंदूला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. पण समेचा ठोका गाळला की मेंदू दचकल्यासारखा प्रतिसाद देई. दोन दिवसांचं बाळ, तेही झोपलेलं! तुमची तर सव्वातीन वर्षांची आहे आणि हात उचलून आपटते.

आता गिरक्यांकडे वळू. बाईंना त्या व्यत्यय वाटतात, तुम्हाला काळजीच्या वाटतात. मला विचाराल तर त्या वर्गात संगीत सगळ्यात मनापासून ऐकणारी तीच असावी. लहान मूल कानांनी ऐकतं आणि मग त्याचं अंग हलतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या नसतात. कॅनडात जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी २००५ मध्ये यावर फार सुरेख प्रयोग केला. सात महिन्यांच्या बाळांना त्यांनी एक सपाट ठेका ऐकवला, ज्यात कुठल्याच ठोक्यावर वजन नव्हतं. दोन-दोनचे गट धरले तरी चालेल, तीन-तीनचे धरले तरी चालेल, असा. ठेका चालू असताना काही बाळांना हातांत धरून दर दुसऱ्या ठोक्याला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. जेमतेम दोन मिनिटं. मग त्याच ठेक्याचे दोन प्रकार ऐकवले, एकात वजन दर दुसऱ्या ठोक्यावर, दुसऱ्यात दर तिसऱ्यावर. ज्या बाळाला जसं झुलवलं होतं, तोच प्रकार ते जास्त वेळ ऐकत राहिलं. म्हणजे कानावर सगळ्यांच्या एकच ठेका पडला होता, पण अंगानं तो वेगवेगळा लावून दिला. आणखी गंमत म्हणजे डोळे बांधलेल्या बाळांच्या बाबतीतही असंच झालं. उलट स्वतः न झुलता समोरच्या माणसाला नुसतं झुलताना पाहिलेल्या बाळांवर काहीही परिणाम झाला नाही.

हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा. गोलात मांडी घालून बसलेलं मूल बाईंचे हात बघतं, म्हणजे ते पाहणाऱ्या बाळाच्या जागी असतं. तुमची गोलाबाहेर झुलणाऱ्याच्या जागी आहे.

आपल्या कानाची रचनाही हेच सांगते. आवाज टिपणारा शंख आणि शरीराचा तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या आतल्या कानात एकमेकांना चिकटून असतात. गिरकी घेतली की त्या नळ्यांतला द्रव हलतो, आपण कुठे वळलो, किती वेगानं वळलो, कुठे थांबलो हे मेंदूला कळतं. तीन-चार वर्षांच्या मुलांना गोल फिरण्याची जी अनावर हौस असते, ती मला तरी खोड वाटत नाही. तोल, वेग आणि थांबणं यांचा अभ्यास ती स्वतःहून करत असतात, आणि कुणी सांगितलेला नसल्यामुळे मनापासून करतात.

मी हे सगळं फार शहाणी असल्यासारखं लिहितेय, पण लहान मुलांच्या वर्गावरची माझी पहिली काही वर्षं मी नेमकं तुमच्या बाईंसारखंच केलं. बसवा, हात पुढे, एक-दोन, एक-दोन. एक मुलगा होता. कधी टाळी नाही, कधी तोंड उघडणं नाही, कोपऱ्यात मान खाली. एकदा वर्गातल्या सगळ्या चटया धुवायला गेल्या आणि फरशी गार, म्हणून मुलांना बसवायची सोय नव्हती. मग काय करणार, गाणं म्हणत वर्गात फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला बघते तर तो मुलगा माझ्या मागे, पावलाला पाऊल, आणि ओळीच्या शेवटी पाय आपटतोय. बरोबर समेवर! सहा महिने मी त्याला 'जमत नाही' या खात्यात टाकलं होतं. चटया परत आल्या, पण त्या तासाला मी त्या पुन्हा अंथरल्या नाहीत.

संगीत शिकवणाऱ्या जाणत्या माणसांना हे फार पूर्वी कळलं होतं. एमिल जाक-दालक्रोझ १८९२ पासून जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकवायला लागले. त्यांच्या लक्षात आलं की विद्यार्थ्यांची बोटं तयार आहेत, स्वरलिपी वाचता येते, पण लय अंगात नाही. त्यांनी त्या मोठ्या मुलांना वाद्यापासून उठवलं आणि तालावर चालायला लावलं. त्यातून पुढे एक अख्खी शिक्षणपद्धती उभी राहिली. तिथे बसलेल्यांना उठवावं लागलं, आणि आपण आधीच उभ्या असलेल्या पोराला बसवतो.

आता टाळी सगळ्यांच्या आधी का पडते ते सांगते. प्रत्येक माणसाची एक स्वाभाविक गती असते. टेबलावर सहज बोट वाजवायला सांगितलं तर बहुतेक मोठी माणसं मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देतात. चार-पाच वर्षांच्या मुलांची ही गती आपल्यापेक्षा बरीच जलद असते. मुलांचे पाय आखूड, हात आखूड, जीव उतावळा. मोठ्यांनी धरलेला संथ ठेका त्यांना फार लांब वाटतो, आणि दोन टाळ्यांच्या मधली जागा रिकामी ठेवणं तर त्या वयात सगळ्यात अवघड. आपली गती सोडून दुसऱ्याच्या संथ गतीला थांबून राहणं शाळेची पहिली काही वर्षं जाईपर्यंत हळूहळू जमत जातं. तुमच्या बाई बहुधा स्वतःच्या सोयीचा ठेका धरत असणार. नाचता येईना, अंगण वाकडं असं आपण म्हणतो, पण इथे अंगण खरंच वाकडं आहे.

घरी करून बघा. ती घरात चालत-पळत असेल तेव्हा तिच्या पावलांवर तुम्ही टाळी वाजवा. तिला काही सांगू नका. थोड्या वेळानं तिच्या ध्यानात येईल की बाबाची टाळी आपल्या पायाशी बांधलेली आहे. मग ती मुद्दाम वेग बदलेल, थांबेल, तुम्हाला चकवेल. तुम्ही चुकलात की खदखदून हसेल. चुकणारे तुम्ही असलात की ताल शिकणं हा खेळ राहतो. मुलं ठेका यंत्राबरोबर धरतात त्यापेक्षा समोर बसलेल्या माणसाबरोबर जास्त चांगला धरतात हे अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासातही दिसलंय. त्यामुळे तुमच्या टाळीची बरोबरी कुठलं ॲप करणार नाही.

मोझार्टबद्दल तुम्ही हळूच विचारलंय, तेव्हा तेही संपवून टाकू. ही बुद्धी वाढण्याची गोष्ट १९९३ साली सुरू झाली. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात ३६ विद्यार्थ्यांना मोझार्टची एक रचना दहा मिनिटं ऐकवली. त्यानंतर कागदाच्या घड्या मनातल्या मनात उलगडण्यासारख्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. हा फायदा दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्यात बाळं नव्हती, गर्भवती नव्हत्या. पण बातमीला पाय फुटले. १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद मागितली! पुढे २०१० मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी सुमारे ४० अभ्यास, सुमारे ३,००० माणसं, असं सगळं एकत्र करून पाहिलं, तेव्हा मोझार्टचं म्हणून खास काही उरलं नाही. तुम्हाला ते संगीत आवडत असेल तर खुशाल ऐका. आवडत नसूनही तीन वर्षं लावलं असेल तर आता तुमची सुटका झाली.

आणि संगीतवर्गानंही बुद्धी वाढेल अशी आशा धरू नका. चार वर्षांच्या मुलांना सहा आठवडे पालकांसोबत संगीतवर्गात घालून पाहिल्याचा एक काटेकोर प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आकडे, शब्द, आकार यांत वर्गातली मुलं इतरांच्या पुढे गेली नाहीत. म्हणून मागे पडण्याची भीती निदान या बाबतीत तरी काढून टाका. या शर्यतीत कुणी पुढे गेलेलंच नाही.

मग करायचं कशासाठी, असं तुम्ही विचाराल. मला विचाराल तर, एकमेकांशी जुळवून घ्यायला शिकण्यासाठी. २०१४ मध्ये ट्रेनर यांच्याच प्रयोगशाळेत चौदा महिन्यांच्या बाळांना एका गाण्यावर झुलवलं. समोर एक अनोळखी बाई. काही बाळांच्या समोर ती त्यांच्याच ठेक्यात झुलत होती, काहींच्या समोर मुद्दाम वेगळ्या. नंतर त्या बाईनं हातातल्या वस्तू चुकून पडल्यासारख्या टाकल्या. जिच्याबरोबर एका ठेक्यात झुललो तिला वस्तू उचलून द्यायला बाळं जास्त वेळा पुढे झाली. चार वर्षांच्या मुलांतही असंच दिसलं. एकत्र गाऊन-नाचून झाल्यावर ती एकमेकांना मदत करायला जास्त तयार असतात. दोघं एका लयीत हलले की मुलाला समोरचं माणूस आपलं वाटायला लागतं, असा मी याचा अर्थ लावते. हट्टाच्या आणि चिडचिडीच्या वयात ही काही लहान कमाई नाही.

आणि थांबणं. गाणं चालू तोवर नाचायचं, थांबलं की दगड व्हायचं, हा खेळ सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात मूल काय करतं बघा. अंगाला हलायचंय, पाय उचललेला आहे, आणि ते स्वतःला आवरतं. 'रांगेत थांब', 'तिचं होऊ दे मग तू घे' असं सांगून जे जमत नाही, तेच मूल इथे हसत हसत करतं. पहिल्यांदा दोन सेकंदही थांबता येणार नाही, डुगडुगेल, पडेल. पडू दे. पुढे नियम उलटा करून बघा, हळू गाण्याला जोरात आणि जलद गाण्याला सावकाश. तीन वर्षांच्या मुलाला हे जड जातं, त्यामुळे एवढ्यात आग्रह नको.

बोलण्याशीही याचा संबंध आहे, थोडक्यात सांगते. शब्दाचे तुकडे पडतात हे मुलाला टाळीतून कळतं. तिच्या नावाची जितकी अक्षरं तितकी पावलं टाकायला लावा. २०१६ मध्ये नऊ महिन्यांच्या बाळांना तीन मात्रांच्या संगीतावर पंधरा-पंधरा मिनिटांचे बारा खेळ खेळवले, तेव्हा संगीतातलाच नव्हे तर बोलण्यातलाही लयीचा बिघाड त्यांचा मेंदू जास्त ठळकपणे टिपायला लागला. छोटा अभ्यास आहे, त्यावर इमले बांधू नका.

कोणतं संगीत, किती वेळ, हा तुमचा शेवटचा प्रश्न. लावायचं असेल तर जे लावून तुम्हाला स्वतःला उठून हलावंसं वाटतं ते, आणि तुम्ही हलणार असाल तेवढाच वेळ. दिवसभर मागे चालू ठेवलेलं संगीत बंद करा. गोंगाटातून शब्द वेगळे काढणं लहान मुलांना आपल्यापेक्षा कितीतरी जड जातं, आणि दिवसभर वाजणारी गोष्ट शेवटी कुणाच्याच कानात शिरत नाही. हातभर अंतरावरून बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर ते संगीत मोठं आहे, कमी करा. संगीताची मिनिटं मोजायची गरज नाही. हालचालीची मात्र जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मोजून दिली आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हलतं असावं, त्यातली किमान ६० मिनिटं दम लागेल अशी. तुमच्या मुलीच्या गिरक्या त्यात धरल्या तर ती बहुधा तुमच्या-माझ्यापेक्षा नियमित आहे.

तिला तुमच्या पावलांवर उभी करा, हात धरा आणि एखादं बडबडगीत म्हणत घरभर चाला. तुमचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना तिच्या सबंध अंगाला लय कळते. तिच्या हातात रुमाल द्या, तो उंच फेकून खाली येईपर्यंत एक सूर धरा. पातेलं आणि लाकडी चमचा तर आहेच. गाणं ओळखीचं झालं की ओळीतला शेवटचा शब्द गिळून टाका आणि तिच्या तोंडाकडे बघत थांबा. घाई करू नका, चार-पाच सेकंद जाऊ द्या. ती तो शब्द म्हणेल, किंवा उडी मारेल, किंवा तुमच्या गालावर चापट मारून 'म्हण ना' करेल. तिन्ही उत्तरं बरोबर.

आता गाता येत नाही म्हणून अडलेल्या तुमच्याबद्दल. ज्यांना सूर खरोखरच ओळखू येत नाहीत अशी जन्मजात अवस्था असते, पण ती शंभरात फार तर चार जणांत. तुम्ही त्यांतले असण्याची शक्यता कमी आणि लहानपणी कुणीतरी गप्प केलेल्यांतले असण्याची जास्त. मॉन्ट्रियलमधल्या एका अभ्यासात सात ते दहा महिन्यांच्या बाळांना, त्यांना न समजणाऱ्या भाषेतलं गाणं ऐकवलं, तर ती सरासरी नऊ मिनिटं शांत राहिली. त्याऐवजी लाडाचं बोलणं ऐकवलं, तर चार मिनिटांच्या थोडं पुढे रडू फुटलं. भाषा कळली नाही तरी चाललं, मग सूर अर्धा घसरला तर तुमची मुलगी तक्रार करणार आहे का? फक्त एक करा. पुरुषांचा आवाज खालच्या पट्टीत असतो, मुलांना तिथे पोचता येत नाही. सुरुवात तिला करू द्या आणि तिच्या पट्टीला धरून म्हणा. आवाज चिरका झाला तर दार लावून घ्या.

वर्गाचं काय करायचं ते बाईंना भेटून ठरवा. भांडू नका. विचारा की हिला गोलाबाहेर उभी राहून भाग घेऊ द्याल का, आणि तासातला थोडा वेळ सगळ्यांनाच चालवाल का. माझा अनुभव असा की अर्ध्या शिक्षिका यावर सुटकेचा निःश्वास टाकतात, कारण बसवून ठेवण्यात त्यांचाही जीव जातो. नाही म्हणाल्या तर तुमच्या बायकोचं ऐका आणि नाव काढा. दुसरा वर्ग शोधलात तर एकच बघा, तिथे मोठी माणसं जमिनीवर मुलांबरोबर हलताहेत की खुर्चीवरून सूचना देताहेत.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. ती मागून हाक मारली तर वळते का, शेजारच्या खोलीतल्या बारीक आवाजाला कान टवकारते का, बाहेरच्या माणसाला तिचं बहुतेक बोलणं कळतं का? आधी येत असलेली एखादी गोष्ट, शब्द म्हणा की चालणं, आता येईनाशी झाली आहे का? यातलं काही खटकलं तर ऐकण्याची तपासणी करून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना भेटा. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, तरी विचारते.

आणि आज रात्री डुलकीची वाट पाहू नका, मुद्दाम थांबा. चार थापा, मग हात तसाच ठेवा. तिनं तो उचलून आपटला की ज्या वेगानं आपटला तो वेग पकडा, तुमचा नेहमीचा नको. सोबत तोंडानं काहीही म्हणा, नुसता हुंकार चालेल, पण आवाज आला पाहिजे. ओठ नुसते हलवायचे नाहीत. तिच्या आधी तुम्हालाच झोप लागली तर काय झालं ते सकाळी तिला विचारून मला कळवा.

— तुमची ताई